शिवानीची पट्टी

“पट्टी कहाँ है? मैडम, मैं पूछ रहा हूँ, पट्टी है कहाँ?”

सुभेदारसाहेब शाळेतल्या गाण्याच्या खोलीच्या मधोमध उभे राहून ओरडत होते. ‘ओरडत होते’ हा शब्द मी आपला दिवाळी अंकाची अब्रू राखायला वापरते आहे. त्या आवाजाने भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं (तसं ते उन्हाळ्यापासून बंदच होतं, पण त्या दिवशी त्याने आशा सोडली), अंगणातल्या कडुलिंबावरचे पोपट उडाले ते थेट किल्ल्यावर जाऊन बसले, आणि शेजारच्या वर्गातले भूगोलाचे सर भारताचा नकाशा पांघरून टेबलाखाली गेले. पोपटांचं थोडं इकडेतिकडे असेल. सरांचं मात्र शपथेवर सांगते.

साहेबांच्या मुठीत त्यांच्या मुलीचं मनगट होतं. शिवानी, आठवी ब. बाजारात गाय दाखवावी तशी त्यांनी ती माझ्यासमोर फिरवली.

“हाथ देख लीजिए. पैर देख लीजिए. माथा देख लीजिए. पट्टी दिखी? नहीं दिखी न? तो फिर उतारनी क्या है?”

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि पडला तो अगदी नको त्या वेळी, कारण मला हसू फुटलं. लष्करातल्या माणसासमोर हसू नये. त्यांना हसण्याचा सराव नसतो.

झालं होतं असं. आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर मी आठवीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप टाकला होता. ‘शिवानी की पट्टी बहुत चढ़ गई है. उतारनी पड़ेगी. पिताजी कल आकर मिलें.’ माझ्या मते यापेक्षा स्वच्छ हिंदी अख्ख्या ग्वाल्हेरात कोणी लिहिली नसेल. आम्हा मराठी लोकांत पट्टी म्हणजे गाणाऱ्याचा सूर ज्या उंचीवर बसतो ती जागा. काळी एक पट्टी, पांढरी पाच पट्टी. हिंदीत पट्टी म्हणजे जखमेवर बांधतात ती. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ग्वाल्हेरचा मराठी माणूस हिंदी बोलतो तेव्हा त्याला वाटतं आपण हिंदी बोलतोय, आणि मराठी बोलतो तेव्हा वाटतं आपण मराठी बोलतोय. दोन्ही वेळा तो चुकतो.

रात्रीच्या जेवणाची वेळ होईपर्यंत ग्रुपवर ‘गेट वेल सून बेटा’ची झुंबड उडाली होती. गुलाब, जोडलेले हात, पेटत्या पणत्या. एका आजोबांनी हळद-चुन्याचा लेप सुचवला. एका आईने आपल्या मुलाच्या प्लास्टरचा फोटो टाकला, म्हणजे तुलना करायला सोयीचं. मुरारच्या छावणीत सुभेदारसाहेबांच्या क्वार्टरवर शेजारच्या बायका पपया घेऊन पोचल्या. आईने मुलीला उभी-आडवी तपासली. सकाळी साहेब तिला घेऊन फौजी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, चोट कहाँ लगी है? साहेब म्हणाले, “मैडम को पता होगा.” आणि डॉक्टरांचं ‘मुलगी ठणठणीत आहे’ हे ऐकून ते थेट माझ्याकडे आले होते.

शब्दांनी माझा असा घात करण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी आमच्या शिपायाला, रामसेवकला, सांगितलं, “भैया, ज़रा पेटी ले आओ.” मराठीत हार्मोनियमला पेटी म्हणतात हे त्याला कोण सांगणार? तो धावत गेला आणि प्रथमोपचाराची पेटी घेऊन आला. मी म्हटलं, “ये नहीं, बड़ी वाली पेटी.” तो गेला आणि तासाभराने दोन हमालांसोबत, निवडणुकीनंतर कोठीघरात पडलेली लोखंडी पेटी घेऊन आला. मुलं रांगेत बसली होती. त्यांना वाटलं गाणं म्हणजे मतदान. एक वर्षभर रामसेवक मला पाहिलं की विचारायचा, “मैडम, आज कौन सी पेटी?”

तर सांगायचं म्हणजे, मी मोहिते. आमचे पूर्वज दख्खनेतून घोड्यावर बसून आले, तलवारी घेऊन. त्या तलवारी आता भिंतीवर आहेत आणि घरातली माणसं विमा कंपनीत. गाणं हे दरबारातल्या कारकुना-पुजाऱ्यांच्या घरचं काम, आपलं नव्हे, असं माझे काका मिशीला पीळ देऊन सांगायचे. मी गाण्याची शिक्षिका झाले तेव्हा त्यांनी सहा महिने माझ्याशी बोलणं सोडलं. ते सहा महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत शांत महिने. थाटीपूरजवळच्या एका शाळेत मी बत्तीस वर्षं गाणं शिकवलं, गेल्या वर्षी निवृत्त झाले, आणि आता मला कोणाचीही भीती नाही, म्हणून लिहिते आहे.

लोकांना वाटतं संगीतशिक्षिका म्हणजे वीणा मांडीवर घेतलेली देवी. संगीतशिक्षिका म्हणजे पंचावन्न मुलं, एक पेटी, एक तुटका पंखा आणि दर आठवड्याला दोन तास, ज्यांपैकी एक गणिताचे सर ‘पोर्शन बाकी आहे’ म्हणून पळवून नेतात. त्या पंचावन्नांत कोण कोण असतं! छावणीतली फौजी मुलं: वडिलांची बदली झाली की सुराच्या मध्यावर उठून जातात. एक मुलगा मी ‘प’वर सोडला तो पठाणकोटला पोचला, पुढचा ‘ध’ त्याला तिथे मिळाला असेल अशी आशा आहे. हजीऱ्याच्या बाजारातल्या दुकानदारांची मुलं: यांचा ताल जन्मजात पक्का, कारण लहानपणापासून तराजू आणि शटर ऐकलेलं. थाटीपूरच्या सरकारी क्वार्टरमधली मुलं: यांना प्रत्येक गोष्ट लिहून हवी, ‘मैम, आलाप एग्ज़ाम में आएगा?’ आणि शेवटी आमची मराठी मुलं, ज्यांच्या घरी ग्वाल्हेरचं गाणं रक्तातूनच वाहतं. म्हणजे घरच्यांचं तसं म्हणणं असतं.

अशा एका घरचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले होते. नाव सांगत नाही, कारण ते हा अंक विकत घेतात. म्हणाले, “मॅडम, आमच्या पणजोबांचं गाणं दरबारात झालं होतं. याला फक्त वाट दाखवा, बाकी रक्त करेल.” मी त्या मुलाला म्हटलं, बाळ, सा लाव. त्याने जे लावलं त्याला सा म्हणायचं तर दारावरच्या करकरणाऱ्या बिजागरीलाही पद्मश्री द्यावी लागेल. मी तीन महिने वाट दाखवली. रक्त काही हललं नाही. शेवटी मी वडिलांना म्हटलं, याला क्रिकेटला घाला. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही मोहिते. तुम्हाला गाण्यातलं काय कळणार?” खरं आहे. पण मुलगा आता उत्तम बोलिंग करतो आणि अपील करताना एकदम सुरात ओरडतो.

पण या सगळ्यांपेक्षा मला राग होता तो एका काळ्या पट्टीचा.

बाहेरच्यांसाठी सांगते. पेटीवर काळ्या आणि पांढऱ्या पट्ट्या असतात हे सगळ्यांना दिसतं. प्रत्येक माणसाचा सा, म्हणजे जिथून त्याचं गाणं सुरू होतं ती पहिली पायरी, यांतल्या एखाद्या पट्टीवर असतो. कोणाचा काळी एक, कोणाचा पांढरी पाच. हे बुटाच्या मापासारखं आहे. सात नंबरचा पाय सात नंबरच्या बुटात घालायचा. यात मोठेपणा नाही, कमीपणा नाही. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज साधारण वरच्या पट्ट्यांत बसतात, पुरुषांचे खालच्या. साधारण. या ‘साधारण’ शब्दाने जेवढी मुलं गाण्यातून पळवून लावली आहेत तेवढी गणिताच्या सरांनीही नाही.

आमच्या शाळेत सगळं काळी पाचमध्ये चालायचं. का? तर कोणे एके काळी प्रार्थनेचा एक ट्रॅक आणला गेला, तो काळी पाचमध्ये होता. तेव्हापासून प्रिन्सिपलसाहेबांच्या ब्लूटूथच्या डब्यातून तो रोज सकाळी वाजतो आणि हजारभर पोरं त्याच्या मागे धावतात. ज्यांचा पाय मोठा त्यांनी टाच चेपून घालावी. मी स्टाफरूममध्ये यावर भाषणं ठोकली आहेत. “सगळ्यांना एकाच नंबरचे बूट वाटता का तुम्ही?” असं प्रिन्सिपलसाहेबांना मी तोंडावर विचारलं होतं. त्यांनी शांतपणे सांगितलं, “हाँ मैडम, एनसीसी में वही होता है.”

इतकी भाषणं ठोकणारी मी, आणि शिवानीला एक वर्ष काळी पाचमध्येच गायला लावत होते. हे आता लिहून टाकते, म्हणजे पुढे लपवायला नको.

सातवीत असताना शिवानीला तिची आई माझ्याकडे घेऊन आली होती. आईने खोलीचं दार लावलं, खिडकी लावली, आणि कुजबुजत सांगितलं, “मैडम, गाना-वाना नहीं सिखाना है. बस इसकी आवाज़ पतली कर दीजिए.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी शिवानीला म्हटलं, नाव सांग. तिने नाव सांगितलं आणि मला कळलं. भरीव, रुंद, खालून येणारा आवाज. फोन उचलला की समोरचा ‘हाँ भैया’ म्हणायचा. चुलत बहिणी तिला घरी ‘भाईसाहब’ म्हणायच्या. मावशीने सांगितलं होतं की उद्या स्थळं येतील, मुलीने चहा घेऊन ‘नमस्ते’ म्हटलं की मुलाकडचे उठून जातील. आणि त्या मावशीनेच शोध लावला होता की गाण्याच्या क्लासला घातलं की आवाज पातळ होतो. अशा मावश्यांना संशोधनासाठी अनुदान मिळायला हवं.

मी काय करायला हवं होतं? मी त्या बाईंना सांगायला हवं होतं की ताई, मी गाणं शिकवते, आवाजाचं दूध पातळ करत नाही. त्याऐवजी मी मोठ्या दिमाखात म्हटलं, “देखते हैं.” आणि तिला ओळीत बसवली, सगळ्यांसोबत, काळी पाचवर. शिवानी मान ताठ करून, भुवया कपाळात चढवून, वरचा सा गाठायची. कधी गाठायची, कधी नाही. मी म्हणायची, “और ऊपर, बेटा, और खोलो.” ती आणखी उघडायची. कधी तक्रार नाही, कधी कंटाळा नाही. पहिल्या बाकावर येऊन बसायची आणि माझ्याकडे अशी पाहायची की जणू काही मी तिला काहीतरी देणार आहे. माझ्या वहीत मी तिच्या नावापुढे लिहिलं होतं: ‘मेहनती. सूर कच्चा.’

कच्चा सूर तिचा नव्हता, हे कळायला एका कार्ट्याची खोडी कारणी लागली. आमच्याकडे विजेवर चालणारा तानपुरा आहे. डब्यासारखा दिसतो, बटण दाबलं की घुमतो. वर्गातल्या कोणीतरी माझी पाठ वळल्यावर त्याची कळ पार खाली फिरवली. डबा एकदम म्हशीसारखा घुमायला लागला. सगळ्या मुली खिदळल्या. मी रागाने म्हटलं, “ठीक है. अब इसी पर गाओ सब. देखूँ कितनी हँसी आती है.” एकीचाही आवाज खाली पोचेना. फुस्स, फुस्स, हवा. आणि त्या हवेतून एक सा आला.

मी वाढवून सांगते हे वाचकांना एव्हाना कळलंच असेल. म्हणून हे वाढवत नाही. एक सा आला, तो हलला नाही, आणि मी मागे वळून पाहिलं तर शिवानी डोळे मिटून गात होती आणि तिच्या भुवया जागच्या जागी होत्या. एवढंच.

तास सुटल्यावर मी तिला म्हटलं, तुझा आवाज असाच ठीक आहे, आणि त्याच संध्याकाळी ग्रुपवर तो ऐतिहासिक निरोप टाकला.

तर मी सुभेदारसाहेबांना हे सगळं समजावलं. पट्टी म्हणजे काय, चढलेली म्हणजे काय, उतरवायची म्हणजे काय. त्यांचा राग उतरेल अशी माझी समजूत होती. तो उतरला नाही, त्याने फक्त बाजू बदलली.

“मतलब आवाज़ और मोटी करेंगी आप?”

“मोटी नहीं साहब. जो है, वो.”

“जो है उसी का तो इलाज कराने भेजा था! घर में लड़की कहती है, मम्मी, मैडम बोलीं मेरी आवाज़ ऐसी ही ठीक है. ये पट्टी किसने पढ़ाई इसको? आपने पढ़ाई?”

पट्टी पढ़ाना म्हणजे हिंदीत कान भरणं. एका शब्दाने दोन दिवसांत मला दुसऱ्यांदा आडवं केलं होतं. साहेब ओरडतच राहिले. लग्न, समाज, नातेवाईक, ‘हमारे यहाँ लड़कियाँ’, सगळं झालं. ते एकेक वाक्य शेवटी लांबवत होते, ‘क्याऽऽऽ’, ‘कौनऽऽऽ’, परेडच्या मैदानावरची सवय. आणि माझी सवय अशी की कोणी सूर लांबवला की बोट आपोआप पेटीवर जातं. कुकरच्या शिट्टीचा सूर मी शोधलेला आहे, नगरपालिकेच्या भोंग्याचा शोधलेला आहे. भाता हलवला, एक पट्टी दाबली. नाही. दुसरी दाबली. थोडी खाली. तिसरी दाबली आणि साहेबांचा ‘कौनऽऽऽ’ आणि पेटी, दोन्ही एकमेकांत असे बसले की खोलीतल्या काचा घुमल्या.

साहेब दचकून थांबले. “ये क्या कर रही हैं?”

“काली दो,” मी म्हटलं. “आपका सा है, साहब. गुस्से में आदमी सच्चे सुर में बोलता है. शिवानी, सा लगाओ.”

शिवानीने वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि लावला. तीच पट्टी. बापाचा खालच्या मजल्यावर, लेकीचा बरोबर वरच्या मजल्यावर, पण जिना एकच.

“ये आवाज़ मैंने नहीं दी इसको,” मी म्हटलं. “मावशी ने भी नहीं दी. ये आपके घर की है. पतली करनी है तो पहले आप करवाइए, मैं फीस नहीं लूँगी.”

आता तोफ सुटणार म्हणून मी पेटी पुढे ओढून घेतली, ढालीसारखी. तलवारवाल्यांची वंशज आहे मी, एवढं तर जमतं. पण साहेब पेटीकडे बघत म्हणाले, “फिर से बजाइए.” मी काळी दोन दाबली. त्यांनी घसा खाकरला, ओठ मिटून अगदी हळू ‘हंऽऽ’ केलं, ते बरोबर लागलं, आणि तेवढ्यात त्यांना दारातून डोकावणारे भूगोलाचे सर दिसले. लगेच छाती पुढे.

“ठीक है,” ते म्हणाले. “कम्पिटीशन है न अगले महीने? गाएगी. इसी आवाज़ में गाएगी. लेकिन मैं सामने बैठूँगा. एक आदमी भी हँसा, तो उसी दिन से गाना बंद. क्लास भी बंद. समझ लीजिए.”

शिवानीने ना वडिलांकडे पाहिलं ना माझ्याकडे. ती त्या काळ्या पट्टीकडे पाहत होती, जशी काही ती उचलून दप्तरात टाकायची आहे.

त्यानंतरच्या तीन आठवड्यांत मी काय शिकवलं? खरं सांगू? फार काही नाही. यमनची एक छोटी बंदिश घेतली आणि मधून बाजूला झाले. यमन बऱ्याचदा खालच्या निषादावरून, म्हणजे साच्याही खालून उठतो, आणि काळी दोनवरचा खालचा निषाद म्हणजे आमच्या बाकीच्या मुलींच्या दृष्टीने पाताळ. शिवानी तिथे जाऊन आरामात बसायची. प्रिन्सिपलसाहेब एकदा येऊन ऐकून गेले आणि काळजीत पडले. “मैडम, कोई स्वीट वॉइस वाला बच्चा नहीं है? पिछली बार ट्रॉफी आई थी.” मी म्हटलं, “ट्रॉफी दुकान में मिलती है, मँगवा लीजिए.” सुभेदारसाहेब रोज तिला सरावाला सोडायला यायचे आणि खिडकीबाहेर पाय जुळवून उभे राहायचे. कशावर पहारा देत होते त्यांचं त्यांना माहीत.

स्पर्धेविषयी वाचकांना सांगायलाच हवं, कारण वाचकांना वाटतं शालेय शास्त्रीय गायन स्पर्धा म्हणजे गायनाची स्पर्धा असते. ती पालकांची असते. मुरारच्या एका सभागृहात गाणाऱ्या मुलांपेक्षा इस्त्री केलेल्या आया जास्त होत्या. एका मुलाला टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमासाठी तयार केलेलं होतं. तो स्टेजवर आला, आधी आईकडे पाहून डोळ्यात पाणी आणलं, मग आकाशाकडे पाहिलं, मग हात पसरले, आणि या सगळ्यातून वेळ मिळाला तेव्हा थोडं गायला. तेही रेकॉर्ड केलेल्या ट्रॅकवर. शास्त्रीय गायनाला ट्रॅक! हे म्हणजे कुस्तीला पुतळा आणणं. दुसऱ्या एका मुलीला घरच्यांनी दोन दिवस चिंचेची पानं चावायला लावली होती, गळा गोड होतो म्हणून. तिचं तोंड इतकं आंबलं होतं की आकार लावताना चेहरा बघवत नव्हता. परीक्षक तीन. एक झोपलेले, एक फोनवर, आणि तिसरे दोघांकडे रागाने पाहणारे, म्हणजे ऐकत तेही नव्हते.

आणि साथीला दुबेजी. दुबेजी या शहरातल्या प्रत्येक स्पर्धेत पेटी वाजवतात. त्यांना मी पट्टी सांगितली तशी त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

“काली दो? मैडम, लड़की गाएगी कि लड़का?”

“लड़की.”

“तो काली चार कर लेते हैं. बीच का रास्ता.”

“दुबेजी, बीच में नाली होती है. काली दो.”

“अरे मैडम, हॉल हँसेगा.”

हे शिवानीने ऐकलं. तिच्या हातातला दुपट्टा तिने एकदा पिळला, आणि जाऊन माइकसमोर बसली. समोरच्या पहिल्या रांगेत सुभेदारसाहेब, कडक इस्त्रीच्या बुशशर्टात, गुडघ्यांवर मुठी. शेजारी आई, पदर तोंडाला. मी विंगेत.

शिवानीने खालचा निषाद लावला.

मागच्या रांगेत कुठल्यातरी शाळेची मोठी मुलं बसली होती. एक जण जोरात म्हणाला, “अबे, भैया गा रहा है!” आणि ती अख्खी रांग खो खो हसली. एक नाही, दहा-बारा. नाकातून, तोंडातून, बाकं वाजवून.

सुभेदारसाहेब उठले नाहीत. त्यांनी फक्त मान वळवली आणि मागच्या रांगेकडे पाहिलं. इथे मी पोपट उडवू शकले असते, पण गरज नाही. हसणं जिथे होतं तिथे संपलं. एका मुलाचं अर्धं हसू तोंडातच राहिलं ते बहुधा त्याने घरी नेऊन पूर्ण केलं असेल. साहेबांनी मान पुन्हा सरळ केली.

शिवानी थांबली नव्हती. तिने निषाद सोडलाच नव्हता. ती रिषभाला गेली, गंधाराला गेली आणि तिथे थोडा वेळ राहिली. आता याला कसं वर्णावं? वर्णन करण्यात माझा हात कोणी धरणार नाही, हे मी आधीच दाखवून दिलं आहे. पण इथे माझ्याकडे काही नाही. ती नीट गायली. तिने कुठेही ओढलं नाही. झोपलेल्या परीक्षकांनी डोळे उघडले, आणि दुबेजींनी, जे सहसा गाणाऱ्यापुढे पळत असतात, तिच्या मागे राहून वाजवलं. सात मिनिटं. मग ती नमस्कार करून उठली.

पहिलं बक्षीस अश्रूवाल्या मुलाला. शिवानीला उत्तेजनार्थ, म्हणजे प्लास्टिकची पाण्याची बाटली. फोनवाल्या परीक्षकांनी माइकवरून सल्ला दिला, “बेटा, मेहनत अच्छी है, आवाज़ में थोड़ी मिठास लाओ.” मी विंगेतून त्यांच्याविषयी जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येत नाही, आणि होळीच्या अंकातही नाही.

बाहेर पायऱ्यांवर सुभेदारसाहेब उभे होते. मी मनात माझं भाषण तयार ठेवलं होतं. मुलीचं आयुष्य, तिचा हक्क, सगळं. पण अट त्यांची होती आणि लोक हसले होते. मीच आधी म्हटलं, “हँसे, साहब.”

“हाँ. हँसे.”

“तो?”

त्यांनी रस्त्यावरच्या टेम्पोंकडे पाहिलं. “मैंने कहा था, आदमी हँसा तो. वो तो लौंडे थे. गिनती में नहीं आते.” मग घड्याळ बघून म्हणाले, “सोमवार को कितने बजे छोड़ूँ?”

मी माझं भाषण तसंच गिळलं आणि शिवानीला शोधत गेले. ती सभागृहामागच्या ओट्यावर बसून तीळगुळाची गजक खात होती. बक्षिसाची बाटली शेजारी ठेवलेली. मी तिच्याजवळ बसले. मला वाटलं आता ही रडेल, किंवा गळ्यात पडेल, किंवा निदान ‘थँक्यू मैम’ म्हणेल. बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या बाईला एवढी तरी अपेक्षा करायचा हक्क आहे. मी विचारलं, “कैसा लगा, बेटा?”

तिने गजकाचा तुकडा चावून संपवला, विचार केला.

“आज गला नहीं दुखा, मैम.”

मी विचारलं, “मतलब? पहले दुखता था?”

“हाँ. रोज़.”

“साल भर? और तू बोली क्यों नहीं?”

शिवानी म्हणाली, “मुझे लगा गाने में सबका दुखता है.”